सर्वांत खालच्या कोंबडीसाठी आवार मोजा

पत्र

ताई, नमस्कार. घरामागे आम्ही सहा कोंबड्या पाळल्या आहेत, वर्ष होत आलं. कोंबडा नाही. झोपायचं खुराडं चार फूट बाय चार फूट आहे आणि त्याला लागून पाच बाय आठ फुटांचं जाळीचं आवार. आधी तिथे गवत होतं, ते महिन्याभरात संपलं. आता पाऊस झाला की चिखल होतो आणि वास येतो. दोन महिन्यांपासून एका कोंबडीची शेपटीच्या मुळाजवळची पिसं गेली आहेत, बाकीच्या तिला टोचतात. मुलीला आणखी चार तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणायच्या आहेत. जागेचं विचारलं तर एक जण म्हणतो कोंबडीला चार चौरस फूट पुष्कळ झाले, दुसरा दहा म्हणतो, तिसरा चाळीसच्या खाली यायला तयार नाही. आवाराला लागून भिंतीकडेचा चार फूट रुंद आणि पंधरा फूट लांब पट्टा मोकळा पडला आहे, तो जोडता येईल. रोज संध्याकाळी तासभर त्यांना बागेत सोडतो, पण कामामुळे आठवड्यातले दोन-तीन दिवस ते जमत नाही. नक्की किती जागा हवी? आणि त्या चार आणू का?

उत्तर

नमस्कार.

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, कारण मुलगी वाट बघत असेल. चार तलंगा आत्ता आणू नका. पट्टा जोडा, आवार कोरडं करा आणि ती सगळी जागा आहेत त्या सहा जणींनाच मिळू द्या. का, ते पुढे येईलच.

तुम्हाला मिळालेल्या तीन आकड्यांपैकी एकही खोटा नाही. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वेगळी जागा होती, एवढंच. चार चौरस फूट हे छपराखालचं माप आहे. मध्यम चणीच्या कोंबडीला रात्री झोपायला, अंडं घालायला आणि एखादी पावसाळी सकाळ कशीबशी काढायला खुराड्यात एवढी जमीन लागते. दहा चौरस फूट हे बाहेरच्या आवाराचं किमान माप. खाली कोरडं अंथरूण असेल, सावली असेल आणि पाळणारा रोज लक्ष घालत असेल, तर दिवसभर कोंडलेल्या कोंबडीचं दहात भागतं. भागतं, याहून जास्त काही म्हणता येत नाही. चाळीसचा आकडा चराईचा. युरोपीय संघात अंडी ‘मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबड्यांची’ म्हणून विकायची तर दर कोंबडीमागे बाहेर ४ चौरस मीटर जमीन द्यावी लागते, म्हणजे साधारण ४३ चौरस फूट. तिथवर पोचल्यावर कुठे जमिनीवर थोडं हिरवं टिकेल अशी आशा धरता येते, आणि तीही जमिनीला आलटून-पालटून विश्रांती दिली तरच.

आता तुमचा हिशेब. पाच बाय आठ म्हणजे ४० चौरस फूट, सहा जणींत प्रत्येकीला पावणेसातसुद्धा पुरते येत नाहीत. तुमचं गवत महिन्यात संपलं यात नवल नाही. पट्टा जोडलात की ६० ची भर पडून शंभर होतील आणि प्रत्येकीच्या वाट्याला सोळा-सतरा येतील. दिवसभर आत राहणाऱ्या कोंबड्यांसाठी मी कुणालाच पंधराच्या खाली जायला सांगत नाही, त्यामुळे हे माप मला पटतं. त्याच शंभरात दहा जणी घातल्या तर प्रत्येकीला बरोबर दहा उरतात, म्हणजे एवढी खटपट करून तुम्ही पुन्हा काठावरच.

पण हा भागाकार कागदावरचा आहे. आवारात जागा अशी समान वाटली जात नाही. म्हणून मी मोजते ते दोन गोष्टी धरून: कळपातली सर्वांत खालची कोंबडी आणि महिन्यातला सर्वांत वाईट दिवस. त्या दिवशी त्या कोंबडीला पुरली ती जागा पुरेशी.

सर्वांत खालची म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरी तिची पाठ उघडी पडली आहे. कोंबड्यांमध्ये चोचीची उतरंड असते. थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्ब या नॉर्वेच्या अभ्यासकाने १९२२ साली ती नीट मांडून दाखवली. कोण कुणाला टोचणार आणि कोण निमूट बाजूला होणार, हे कळपात ठरून गेलेलं असतं. ही उतरंड वाईट नव्हे, ती असते म्हणून त्यांना रोज नव्याने भांडावं लागत नाही. मात्र ती चालायला एक अट आहे. वरचीने मान ताठ करून बघितलं की खालचीला दोन पावलं बाजूला होता आलं पाहिजे. ती बाजूला झाली की प्रकरण तिथेच मिटतं. मागे जाळी, डावीकडे भांडं आणि उजवीकडे तिसरीच कोंबडी असेल तर ती बिचारी हटणार कुठे? वरचीला मात्र एवढंच दिसतं की ही हटली नाही. मग चोच पडते.

माझ्याकडे सात कोंबड्या होत्या तेव्हा आवार ऐंशी चौरस फुटांचं होतं. दहाचा नियम पाळून वर थोडी जागा शिल्लक होती, त्यामुळे मी निश्चिंत होते. तरी त्यातली एक करडी कोंबडी दिवसेंदिवस हलकी लागायला लागली. जंतांचं औषध देऊन झालं, फरक नाही. शेवटी एका दुपारी स्टूल घेऊन जाळीबाहेर तासभर बसले. ऊन डोक्यावर होतं. वर बांधलेल्या कापडाची सावली सरकून एका कोपऱ्यात गोळा झाली होती, जेमतेम खाटेएवढी. तिथे सहा जणी पंख अंगापासून किंचित सोडून, चोची उघड्या टाकून बसल्या होत्या. खाद्याचं भांडं त्या सावलीत आणि पाण्याचंही तिथेच, भरायला सोपं जावं म्हणून मीच दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेली. करडी उन्हात उभी होती, कुंपणाच्या खांबाची चार बोटं रुंद सावली पडली होती तेवढ्यात अंग चोरून. दोनदा ती पाण्याकडे आली. दोन्ही वेळा तपकिरी कोंबडीने नुसती मान वर केली आणि ही माघारी फिरली. कुणी तिला टोचलं नाही, कुणी तिच्यामागे धावलं नाही. ऐंशी चौरस फुटांपैकी भर दुपारी तिच्या वाट्याला त्या खांबाची सावली होती, बस्स. मी त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला एक जुनी फळी आडवी उभी केली, त्यावर गोणपाट टाकून सावली केली आणि तिच्यामागे पाण्याचं आणि खाद्याचं दुसरं भांडं ठेवलं. पंधरवड्यात तिची छाती हाताला भरलेली लागायला लागली. आवाराचं माप तेच होतं.

म्हणून पट्टा जोडायच्या आधी तुम्हीही तीन वेळा असे बसा. एकदा सकाळी दार उघडताना, एकदा भर दुपारी आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. दुपारी सावलीचा तुकडा टेपने मोजा. पावसानंतर कोरडा तुकडा मोजा. चाळीसातले बाराच चौरस फूट कोरडे भरले, तर त्या दिवशी तुमचं आवार बारा चौरस फुटांचं आहे, मग जाळी कुठपर्यंत गेलीय याला काय अर्थ? तुम्ही संध्याकाळी त्यांना बागेत सोडता हे फार चांगलं करता, कोंबड्यांसाठी तो तास म्हणजे दिवसाचा गाभाच असतो. पण माप काढताना तो तास धरू नका. ज्या दोन-तीन दिवशी सोडता येत नाही, त्या दिवसांसाठी आवार बांधायचं. पुढे तुम्ही आजारी पडाल, झड लागेल, पक्ष्यांच्या साथीमुळे आठवडेच्या आठवडे आत कोंडून ठेवायची वेळ येईल. तेव्हा हेच आवार त्यांचं सगळं जग असेल.

छप्पर हा ऊन-पावसावरचा सगळ्यांत मोठा उपाय. शंभरपैकी निदान चाळीस-पन्नास चौरस फुटांवर पाणी न गळणारं काहीतरी हवंच आणि त्याचा उतार आवाराच्या बाहेर हवा, नाहीतर छपराचंच पाणी आत येऊन चिखल करतं. पत्रा टाकलात तर उंच टाका. डोक्याला लागेल असा तापलेला पत्रा म्हणजे खाली भट्टीच. छप्पर माणसाला ताठ उभं राहता येईल एवढं उंच केलं की तुमचंही आत जाणं होतं, आणि ज्या आवारात माणूस वाकून शिरतो ते आवार साफ होत नाही, हे मी बऱ्याच घरी पाहिलं आहे.

आता तुमचा पट्टा. चार फूट रुंदी पुरते, दोन कोंबड्या एकमेकींना न खेटता जाऊ शकतात आणि पंधरा फूट सलग मिळाले की त्या पंख पसरून धावतात, ते बघायला तुम्हालाही आवडेल. जागेवर उभं राहून पंख नीट फडफडवायलाच एका कोंबडीला दोनेक चौरस फूट लागतात. पाच बाय आठच्या गर्दीत हे किती वेळा होत असेल, बघा. पट्ट्याचा एकच धोका आहे, त्याचं शेवटचं टोक. लांबट जागेत पळणारी कोंबडी शेवटी त्या बंद टोकाला जाते आणि तिथे सापडते. म्हणून टोकापासून चारेक फुटांवर, पट्ट्याच्या मधोमध, दोन-अडीच फूट उंच आणि तीनेक फूट लांब फळी लांबीच्या दिशेने उभी करा. दोन्ही अंगांनी वाट राहील, खालची कोंबडी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाईल आणि एकदा फळीआड झाली, नजरेआड झाली की वरची तिचा नाद सोडते. आडोसा कुठलाही करा, ओंडका, उलटी टोपली, झुडपाची फांदी, पण त्याला दोन वाटा हव्यात. एकाच तोंडाचा आडोसा म्हणजे सापळा. खाद्याची दोन भांडी, पाण्याची दोन भांडी, आणि ती अशी ठेवा की एकाशी उभं राहून दुसरं दिसू नये.

उंचीही वापरा. दीड-दोन फुटांवर एखादा जाड दांडा, बुंध्याचा तुकडा, किंवा फळ्यांचा माच. माचाखाली दीड फूट मोकळी उंची ठेवलीत तर वर एक जागा आणि खाली दुसरी, असं तेच क्षेत्र दोनदा वापरलं जातं, शिवाय खाली सावली. हलक्या अंगाच्या, चपळ जातींना हे फार मानवतं. कोंडलेपण सगळ्यांत कमी सोसतं तेही त्यांनाच. जड अंगाच्या संथ कोंबड्या आवारात थोड्या कमी जागेत रमतात, पण खुराड्यात त्यांना जास्त जागा लागते आणि त्यांचे दांडे बुटके ठेवावे लागतात, नाहीतर उडी मारून पाय दुखावतात.

जाळीबद्दल थोडंच सांगते. षटकोनी भोकांची बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालच्या दोन-तीन फुटांना अर्धा इंची वेल्डेड जाळी लावा आणि तीच जाळी जमिनीवर बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट पसरून मातीने झाका, म्हणजे उकरणारं जनावर तिथेच थांबतं. पैसे कमी पडत असतील तर पट्टा पंधराऐवजी दहा फूटच घ्या, पण पक्का करा.

वास आणि चिखल. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम ओली शीट टाकते. सहा जणींचं महिन्याला वीस किलोच्या आसपास होतं आणि ते तुमच्याकडे चाळीस फुटांत पडत होतं. उघड्या मातीला एवढं पचत नाही. वर पाणी पडलं की त्यातून अमोनिया सुटतो. आणि ज्या उबेत आणि ओलीत आपल्याला वास येतो, त्याच उबेत आणि ओलीत रक्ती हगवणीचे जंतू एक-दोन दिवसांत लागण करण्याजोगे होतात. तेव्हा नुसती माती खरवडून टाकून भागणार नाही. वरचा चिखल एकदा काढा आणि त्यावर चार ते सहा इंच जाड कोरडं अंथरूण घाला. लाकडाचे तुकडे, जाडसर भुसा, तूस, वाळलेली पानं, जे मिळेल ते, मिसळून असेल तर जास्तच चांगलं. अगदी बारीक भुकटी नको, ती त्यांच्या श्वासात जाते. बुरशी आलेलं काहीही नको. मग त्यावर रोज मूठभर दाणे फेका, पण सगळं मिळून दिवसाच्या खाद्याच्या एकदशांशापेक्षा जास्त नाही. दाण्यांसाठी त्या अंथरूण उकरतात, वरचं खाली जातं, हवा खेळते आणि ते आपोआप कुजून खत होत राहतं. मधूनमधून मूठभर उचलून आवळून बघा. हातात गोळा राहिला तर ओल जास्त आहे, कोरडं मिसळा. हात उघडताच सुटं झालं तर छान. आणि वास उभ्याने घेऊ नका. उकिडवे बसा, नाक त्यांच्या डोक्याच्या उंचीला न्या. उभ्या माणसाला जे जाणवत नाही ते तिथे डोळ्यांना झोंबतं, आणि त्या तर तिथेच राहतात.

रात्रीची शीट वेगळी धरा, ती थोडीथोडकी नसते. झोपायच्या दांड्याखाली एक फळी ठेवून रोज सकाळी ती खरवडली, दोन मिनिटांचं काम आहे, तर आवारातला आणि खुराड्यातला भार चांगलाच उतरतो.

अंथरूण उकरणं हे वासापुरतं नाही, हेही सांगायला हवं. कोंबडीचा मूळ वंश रानातला, आणि आयतं खाणं मिळणाऱ्या रानकोंबड्यासुद्धा जागेपणीचा बहुतेक वेळ जमीन टोचण्यात आणि उकरण्यात घालवतात असं निरीक्षणांत दिसलं आहे. ही तिची भूक पोटाची नाही, चोचीची आणि पायांची आहे. तुमच्या आवारात उकरायला चिखलाशिवाय काही उरलं नव्हतं. मग चोच शेजारणीच्या पिसांकडे वळली. म्हणून टोचण्याचं खापर कुणा एका कोंबडीच्या स्वभावावर फोडायच्या आधी तिला काम द्या. एका कोपऱ्यात, छपराखाली, दोन फूट बाय दोन फूट असा खळगा करून त्यात कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख घाला. त्या दिवसाआड अर्धा-अर्धा तास त्यात लोळतात, अंगावरच्या उवा-पिसवा त्यानेच आटोक्यात राहतात. लोळायला त्या एकत्र जातात, म्हणून खालचीला खळग्याच्या काठावर ताटकळत उभी पाहिलंत तर दुसरा खळगा करा.

आता तुमच्या त्या कोंबडीकडे येऊ. तिला हातात घ्या, संध्याकाळी दांड्यावरून उचललीत तर शांत राहील. उघड्या जागेवर रक्त किंवा जखम असेल तर आजच वेगळी करा. लाल रंग दिसला की सगळ्याच जणी तिथे टोचतात आणि ते थांबवता येत नाही. वेगळी म्हणजे दूर नाही, त्याच आवारात जाळीचा पिंजरा ठेवून त्यात, म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील आणि परतताना परकी ठरणार नाही. जखम नसेल तर मी तिला हलवणार नाही. त्याऐवजी सगळ्यांत जास्त टोचणारीला चार-पाच दिवस नजरेआड ठेवा. ती परत येते तेव्हा तिचा तोरा बराच उतरलेला असतो. पिसांच्या मुळाशी आणि दांड्याच्या फटींत रात्री विजेरीने बघा, गोचिडीसारखे बारीक किडे दिसले तर आधी त्यांचा बंदोबस्त. खाद्य अंड्यांवरच्या कोंबड्यांचं आहे ना, त्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आहेत ना, तेही पाहून घ्या. उरलेलं अन्न आणि नुसतं धान्य यावर ठेवलेल्या कोंबड्या पिसं खातात, कारण पिसांत प्रथिनंच असतात. आणि धीर धरा. मुळासकट उपटलेलं पीस दीड-दोन महिन्यांत पुन्हा येतं, पण अर्धवट तुटलेलं पीस पुढची पिसगळ होईपर्यंत तसंच राहतं. टोचणं थांबूनही पाठ उघडी दिसली तर उपाय फसला असं समजू नका.

मुलीला काय सांगायचं? खरं तेच सांगा. तुमचं खुराडं १६ चौरस फुटांचं आहे, सहा जणींना तेच अडचणीचं होतं. त्या आत फक्त झोपतात म्हणून निभावतंय. झोपायच्या दांड्यावर प्रत्येकीला आठ ते दहा इंच लागतात, चार फुटांच्या दांड्यावर सहा जणी बरोबर मावतात आणि सातवीला जागा नसते. आवार पक्कं झालं की खुराड्याचं आतलं दार रात्री उघडंच ठेवता येईल. पहाटे उजाडल्यावर तुम्ही उठेपर्यंतचा जो वेळ आहे, त्यात कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचत बसतात. चार नव्या आणल्या की खुराडं वाढवावं लागेल आणि उतरंड पहिल्यापासून ठरेल. त्या भांडणात ही उघड्या पाठीची कोंबडी पुन्हा मार खाईल. शिवाय नव्या तलंगा तीन-चार आठवडे वेगळ्या ठेवून, आजार नाही ना हे बघूनच मिसळाव्या लागतात, त्याला आणखी एक जागा लागते. पुढे कधी दोन जागा रिकाम्या झाल्या तर दोन तलंगा जोडीनेच आणा, एकटी कधीच नाही. तोवर मुलीला त्या तीन बैठकांना बरोबर घ्या. कोण पहिली खाते, कोण शेवटी, दुपारी कोण कुठे बसते, हे तिला वहीत लिहायला सांगा. सहा कोंबड्यांना सहा नावं असतीलच. लहान मुलं हे आपल्यापेक्षा नीट बघतात.

हिरवळ हवीच असेल तर पट्ट्यात लाकडाची चौकट ठेवून तिच्यावर दोन-तीन इंच उंचीवर जाळी ठोका आणि खाली धान्य किंवा गवत पेरा. शेंडे जाळीवर येतील तेवढेच त्या खातील, मुळं वाचतील. उघड्या जमिनीवर गवत लावायच्या भानगडीत पडू नका, शंभर फुटांत सहा जणींपुढे ते टिकणार नाही.

आणि पट्टा उघडायचा दिवस. सगळ्यांना एकदम सोडू नका. आधी त्या उघड्या पाठीच्या कोंबडीला एकटीला आत न्या, फळीआडच्या भांड्याजवळ सोडा आणि अर्धा-पाऊण तास तिला फिरू द्या. भांडं कुठे आहे, फळीच्या मागून वाट कशी निघते, हे तिला बाकीच्यांच्या आधी कळू दे. ओळखीच्या जागेत कोंबडी जरा धीटपणे वागते. मग संध्याकाळी, दाणे फेकून, उरलेल्या पाच जणींना आत घ्या. महिन्याभराने तिची पाठ आणि तिचं वजन कसं आहे ते मला नक्की कळवा.